स्वभावाचे छायाचित्र

स्वभावाला औषध नाही, अशी मराठीत म्हण आहे. मनुष्याचा स्वभाव त्याच्याबरोबर जन्मतो, संस्कारांनी घडतो आणि मरेपर्यंत टिकतो, ही समजूत ह्या म्हणीच्या मुळाशी आहे. म्हणून पन्नाशीपर्यंत सालस, मितभाषी आणि काटकसरी म्हणून ओळखला गेलेला एखादा गृहस्थ जेव्हा हळूहळू उधळ्या होतो, अंत्ययात्रेत हसतो, पंगतीत शेजाऱ्याच्या पानातले उचलून खातो आणि अंथरुणाला खिळलेल्या पत्नीची साधी विचारपूसही करीत नाही, तेव्हा घरचे लोक त्याला आजारी समजत नाहीत. तो बिघडला, असे म्हणतात. कोणी व्यसनाचा संशय घेतो, कोणी बाहेरख्यालीपणाचा, तर कोणी भानामतीचा. त्याची स्मरणशक्ती बहुधा शाबूत असते. कालचा व्यवहार आणि घरापर्यंतचा रस्ता त्याला नीट आठवतो. त्यामुळे तर हा मनुष्य जाणूनबुजून असे वागतो, हा लोकांचा ग्रह अधिकच पक्का होतो.

अशा माणसांपैकी काहींच्या बाबतीत दोष स्वभावाचा नसतो. कपाळामागचा ललाटखंड आणि कानशिलांमागचा शंखखंड हे मेंदूचे दोन भाग झिजू लागलेले असतात. ह्या विकाराला आज ‘फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया’ असे नाव आहे. डिमेन्शियाला आपण स्मृतिभ्रंश म्हणतो. परंतु येथे स्मृती बहुधा उशिरा जाते. आधी जातो तो संयम, जिव्हाळा आणि भीडमुर्वत. काहींच्या बाबतीत आधी भाषा जाते: शब्द सापडत नाहीत, किंवा शब्द ऐकू येतात पण त्यांचा अर्थ कळत नाही. आजार बहुधा पंचेचाळीस ते पासष्ट ह्या वयात, म्हणजे संसाराची जबाबदारी खांद्यावर असतानाच, सुरू होतो. वैद्यकाला ह्या आजाराची पहिली ओळख होऊन सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. परंतु रुग्ण जिवंत असताना त्याचा पुरावा हाती येण्यास त्यांपैकी बरीच वर्षे खर्ची पडली.

१८९२ साली प्राग येथील जर्मन विद्यापीठातील मनोविकारांचे प्राध्यापक आर्नोल्ड पिक यांनी एका ७१ वर्षांच्या रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. ह्या वृद्धाची भाषा हळूहळू नष्ट होत गेली होती. म्हातारपणी सगळा मेंदू सारखाच आक्रसतो, असे त्या काळच्या वैद्यांचे मत होते. ह्या रुग्णाच्या मृत्यूनंतर मेंदू उघडून पाहिला, तेव्हा डाव्या बाजूचा शंखखंड इतर भागांच्या मानाने फार आक्रसलेला आढळला. हा फरक पाहण्यास सूक्ष्मदर्शकाची गरज नव्हती, तो नुसत्या डोळ्यांना दिसत होता. मेंदूची झीज एका ठिकाणी एकवटू शकते आणि ती जेथे एकवटते, त्या जागेचेच काम बंद पडते, असे पिक यांनी त्यावरून प्रतिपादन केले. पुढील काही वर्षांत त्यांनी असे आणखी रुग्ण वर्णिले आणि ललाटखंडाच्या झिजेकडेही लक्ष वेधले.

पुढे १९११ मध्ये म्युनिक येथे आलोइस आल्झायमर यांनी अशा मेंदूंची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली. पेशींच्या आत त्यांना काही गोलाकार पुंजके दिसले आणि काही पेशी फुगलेल्या आढळल्या. स्वतः आल्झायमर यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या आजारातील खुणांहून ह्या खुणा निराळ्या होत्या. १९२६ साली ओनारी आणि श्पाट्स ह्या संशोधकांनी अशा रुग्णांचा अभ्यास करून ‘पिकचा आजार’ हे नाव रूढ केले.

नाव मिळाले, पण त्याचा रुग्णाला उपयोग झाला नाही. ज्या पुराव्यावर निदान उभे होते, तो शवविच्छेदनाच्या टेबलावरच मिळणारा होता. समोर बसलेल्या रुग्णाच्या कवटीत डोकावण्याचा मार्ग नव्हता. परिणामी पुढील अर्धशतकभर पाठ्यपुस्तकांत पिकचा आजार एक दुर्मिळ विकार म्हणून नोंदला जात राहिला. प्रत्यक्ष रुग्ण मात्र वेडसर, चक्रम किंवा नुसतेच दुराचारी ठरून कोणी मनोरुग्णालयात, कोणी तुरुंगात, तर कोणी घरातल्या मागच्या खोलीत आयुष्य कंठीत राहिले.

१८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले, तेव्हा शरीराचे आतले रहस्य आता उघडे पडणार, अशी आशा उत्पन्न झाली. मेंदूच्या बाबतीत ती फोल ठरली. साध्या क्ष-किरण चित्रात कवटीचे हाड ठळक उमटते. आतला मऊ मेंदू दिसत नाही. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी त्यावर एक धाडसी उपाय काढला. मेंदूच्या मध्यभागी द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. १९१८ मध्ये त्यांनी कवटीला छिद्र पाडून त्या पोकळ्यांतला द्रव काढला व तेथे हवा भरली. पुढच्याच वर्षी ही हवा पाठीच्या कण्यातून सुई घालून वर पोहोचविण्याची रीत त्यांनी प्रसिद्ध केली. चित्रात हवेची जागा काळी उमटे आणि पोकळीच्या आकारावरून भोवतालचा मेंदू किती आक्रसला, ह्याचा अंदाज बांधता येई. ह्या तपासणीने रुग्णाला भयंकर डोकेदुखी व वांत्या होत. शिवाय दिसत होती ती पोकळी. मेंदूचे अस्तित्व केवळ अनुमानाने जाणावयाचे होते.

ह्या आजाराच्या ओळखीस खरी कलाटणी मिळाली ती स्वीडनमधील लुंड ह्या विद्यापीठाच्या गावी. मेंदूचा जो भाग काम करतो, त्याकडे रक्ताचा ओघ अधिक जातो आणि जो भाग निकामी होत चालतो, त्याकडचा ओघ आटतो. लुंडचे डेव्हिड इंग्वार आणि डेन्मार्कचे नील्स लासेन यांनी ह्या तत्त्वाचा उपयोग करून १९६१ साली मेंदूच्या निरनिराळ्या भागांतील रक्तप्रवाह मोजण्याची पद्धत मांडली. किरणोत्सर्गी वायू अल्प प्रमाणात रक्तात सोडावयाचा आणि कवटीच्या बाहेर बसविलेल्या यंत्रांनी तो कोठे किती वेगाने पोहोचतो व धुऊन जातो, हे मोजावयाचे. आरंभी त्यासाठी मानेतल्या धमनीत सुई घालावी लागे. पुढे झेनॉन वायू श्वासावाटे देण्याची सोय झाली.

लुंडमध्ये मनोविकारतज्ज्ञ लार्स गुस्ताफसॉन आणि यार्ल रिस्बेर्ग यांनी ह्या पद्धतीने बुद्धिऱ्हासाचे रुग्ण तपासले व त्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. आल्झायमरच्या आजारात मेंदूच्या मागच्या व बाजूच्या भागांतील प्रवाह घटलेला दिसे. काही रुग्णांत मात्र चित्र ह्याच्या उलट होते. त्यांचा मागचा भाग ठीक होता आणि कपाळामागचा ओघ आटलेला होता. वागणूक बिघडलेले रुग्ण नेमके हेच होते. ह्यांपैकी अनेकांच्या मृत्यूनंतर आर्ने ब्रून यांनी त्यांचे मेंदू तपासले. ललाटखंडाची झीज तेथे स्पष्ट होती. परंतु आल्झायमरच्या आजाराच्या खुणा नव्हत्या आणि पिकच्या आजारातले ते गोल पुंजकेही बहुतेकांत नव्हते. १९८७ साली ह्या मंडळींनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा पिक यांनी दाखविलेली झीज समजली जात होती त्याहून पुष्कळ अधिक आढळणारी आहे आणि पिकचा आजार हा तिचा केवळ एक प्रकार आहे, हे उघड झाले. जिवंतपणी घेतलेले मोजमाप आणि मृत्यूनंतरची तपासणी ही दोन्ही एकाच रुग्णाच्या बाबतीत जुळवून पाहिली गेली, हे ह्या कामाचे मोठे महत्त्व होय.

इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे डेव्हिड नीअरी, ज्युली स्नोडन आणि त्यांचे सहकारी त्याच सुमारास निराळ्या वाटेने त्याच ठिकाणी येऊन पोहोचले होते. रक्तप्रवाहाची त्रिमितीय चित्रे काढून १९८८ मध्ये त्यांनी ललाटखंडाच्या बुद्धिऱ्हासाचे वर्णन केले. लुंड आणि मँचेस्टर ह्या दोन्ही गटांनी १९९४ साली एकत्र बसून निदानाचे निकष ठरविले आणि आजच्या नावाने हा आजार जगभर ओळखला जाऊ लागला.

ह्या काळात चित्रणाचे तंत्रही झपाट्याने पुढे गेले होते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातील अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा मेंदू चित्रित झाला. अनेक कोनांतून सोडलेल्या क्ष-किरणांची गणिती जुळणी करून मेंदूचा आडवा काप पडद्यावर उभा करावयाचा, ही ह्या सी.टी. स्कॅनची युक्ती. रुग्णाच्या शरीरात कोणतीही हवा न भरता मेंदूची घडण प्रथमच प्रत्यक्ष दिसली. हाउन्सफील्ड आणि ह्या गणिताचा पाया घालणारे अ‍ॅलन कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९७३ मध्ये पॉल लाउटरबर यांनी चुंबकीय क्षेत्र व रेडिओलहरी यांच्या साह्याने प्रतिमा घडविण्याची रीत दाखविली आणि पीटर मॅन्सफील्ड यांनी ती विकसित केली. ह्या दोघांना २००३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपल्या शहराशहरांत ‘एम.आर.आय.’ म्हणून परिचित असलेली तपासणी ती हीच. तिच्यात क्ष-किरण नसतात आणि मेंदूचा करडा थर पांढऱ्या तंतूंपासून स्पष्ट वेगळा दिसतो. त्यामुळे अमुक घडी किती बारीक झाली, हे मोजता येते.

परंतु घडण पाहणे आणि कार्य पाहणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. घराच्या भिंती उभ्या असतात, पण आत चूल पेटते की नाही, हे बाहेरून कळत नाही. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते. परंतु विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो आणि त्याचे मुख्य इंधन म्हणजे साखर. ही साखर कोठे जळते, हे पाहण्यासाठी किरणोत्सर्गी फ्लोरीन जोडलेली साखर तयार करण्यात आली. १९७६ च्या ऑगस्टमध्ये ती अमेरिकेतील ब्रूकहेवन प्रयोगशाळेतून विमानाने फिलाडेल्फियास नेऊन पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात प्रथम मनुष्याला देण्यात आली. दर ११० मिनिटांनी तिचा किरणोत्सर्ग निम्मा होतो, म्हणून ही घाई. ह्या साखरेवर आधारलेल्या ‘पेट’ चित्रणात अनेकदा घडण फारशी बिघडण्यापूर्वीच चूल मंदावलेली दिसते. आल्झायमरच्या आजारात हा मंदपणा मागच्या व बाजूच्या भागांत, तर ह्या आजारात कपाळामागे आणि शंखखंडाच्या टोकाशी आढळतो. वैद्याला दोन्ही आजारांत गफलत वाटते, तेव्हा हा फरक मोठा आधार ठरतो.

संगणकाच्या साह्याने अनेक रुग्णांची चित्रे एकमेकांवर बसवून निरोगी माणसांच्या चित्रांशी ताडून पाहण्याची पद्धत गेल्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली आणि झिजेचा नकाशा अधिक रेखीव झाला. वागणूक बिघडते त्यांच्यात ललाटखंडाचा आतला व खालचा भाग आणि मेंदूच्या खोल घडीत दडलेला इन्सुला आधी झिजतो. शब्दांचा अर्थ हरपतो त्यांच्यात शंखखंडाचे टोक, बहुधा डाव्या बाजूचे, आक्रसते. पिक यांनी १८९२ मध्ये ज्या भागावर बोट ठेवले होते, त्या भागाशी शतकानंतरची ही चित्रे येऊन मिळाली.

एवढ्यावर प्रश्न संपला नाही. झीज याच भागांत का सुरू होते? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संस्थेत विल्यम सीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याचा शोध घेतला. मनुष्य स्वस्थ पडून असला तरी मेंदूचे काही दूरदूरचे भाग एकाच लयीत कामाचे चढउतार दाखवितात, हे चुंबकीय चित्रणाने कळले होते. त्यांपैकी इन्सुला व ललाटखंडाचा मध्यभाग यांना जोडणारे एक जाळे २००७ मध्ये वेगळे ओळखले गेले. ह्या क्षणी माझ्यासाठी महत्त्वाचे काय, समोरच्याचा चेहरा काय सांगतो, आपल्याला लाज वाटावयास हवी की नको, अशा जाणिवांशी ह्या जाळ्याचा संबंध जोडला जातो. २००९ मध्ये त्याच गटाने दाखवून दिले की, निरनिराळ्या बुद्धिऱ्हासांतील झिजेचे नकाशे निरोगी मेंदूतील निरनिराळ्या जाळ्यांशी जुळतात. आजार जणू आधीच आखलेल्या वाटांनी चालतो. ह्या अर्थाने भीड, करुणा आणि लज्जा यांनाही शरीरात जागा आहे आणि तेथे इजा पोहोचली, तर साऱ्या आयुष्याचे संस्कार असूनही ती दुबळी होतात.

२०११ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने वागणुकीच्या प्रकारासाठी नवे निकष प्रसिद्ध केले आणि चित्रणाला निदानात अधिकृत स्थान दिले. संयम सुटणे, औदासीन्य, सहानुभूती लोपणे, त्याच त्याच कृती करीत राहणे, खाण्यापिण्यात विलक्षण बदल होणे, आणि स्मृती त्या मानाने बरी असूनही नियोजन न जमणे, ह्या सहांपैकी तीन लक्षणे आढळली तर निदान ‘संभाव्य’. त्याबरोबर दैनंदिन कामांत घसरण आणि चित्रात त्या त्या भागांची झीज वा मंदपणा दिसला, तर ते ‘बहुसंभवनीय’. ‘निश्चित’ हा शब्द मात्र पेशींच्या तपासणीसाठी किंवा जनुकातील ज्ञात दोषासाठी राखून ठेवला आहे. मृत्यूनंतर निदान पक्के झालेल्या १३७ रुग्णांवर हे निकष पडताळून पाहिले, तेव्हा ८६ टक्के रुग्ण ‘संभाव्य’ ह्या वर्गात बसत होते; जुन्या निकषांत जेमतेम ५३ टक्के बसत असत.

ह्या आकड्यांचे मोल केवळ रुग्णालयापुरते नाही. २०१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथील त्याच संस्थेतील रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वागणुकीच्या प्रकारातील १७१ रुग्णांपैकी ६४ जणांच्या, म्हणजे सुमारे ३७ टक्के लोकांच्या, आजारपणात कायद्याचा भंग घडल्याची नोंद होती. आल्झायमरच्या रुग्णांत हे प्रमाण ८ टक्क्यांहून कमी होते. त्यांत चोरी होती, वाहतुकीचे नियम मोडणे होते, परक्याच्या जागेत शिरणे होते, असभ्य लगट होती. ज्याने आयुष्यात कधी पैशाची अफरातफर केली नाही, तो साठीला आल्यावर दुकानातली वस्तू उघडउघड खिशात घालतो, तेव्हा न्यायासनासमोर उभा राहणारा प्रश्न सोपा नसतो. नुसत्या चित्रावरून कोणी निर्दोष ठरत नाही, हे खरे. परंतु चित्र पाहण्याचाच विचार कोणाच्या मनात आला नाही, तर शिक्षा भोगणारा कोण आणि उपचारास पात्र कोण, ह्याचा निवाडा अंधारातच होतो.

ह्या चित्रांना मर्यादाही आहेत आणि त्या ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. आरंभीच्या काळात चित्र निर्दोष दिसू शकते. उलट, वागणुकीची सर्व लक्षणे असूनही ज्यांचे चित्र वर्षानुवर्षे निर्दोष राहते आणि आजार फारसा वाढत नाही, अशी माणसेही वैद्यांना भेटतात. त्यांच्या मुळाशी काही वेळा मनाचे विकार असतात. पेशींत साचणारे प्रथिन कोणते, ‘टाऊ’ की २००६ मध्ये ओळखले गेलेले ‘टीडीपी-४३’, हे झिजेच्या चित्रावरून खात्रीने सांगता येत नाही. आणि भविष्यकाळातील औषध तर त्या त्या प्रथिनाला उद्देशूनच असणार. ही झीज थांबविणारे औषध आजमितीस उपलब्ध नाही.

काही घराण्यांत हा आजार आनुवंशिक असतो. अशा घराण्यांतील निरोगी व्यक्तींचा युरोप व कॅनडातील संशोधकांनी एकत्र येऊन अभ्यास चालविला आहे. २०१५ मध्ये त्यांनी जाहीर केले की, लक्षणे ज्या वयात अपेक्षित असतात, त्याच्या सुमारे १० वर्षे आधीच इन्सुला व शंखखंड यांत फरक दिसू लागतात. औषधाच्या शोधाला हे ज्ञान उपयुक्त आहे, कारण झीज पुरी होण्यापूर्वीच उपाय करावा लागेल. परंतु उपाय हाती नसताना, आज धडधाकट असलेल्या चाळिशीतल्या माणसाला हे भविष्य सांगावे की नाही, हा पेच यंत्राने सुटणारा नाही. तो त्या माणसाने आणि त्याच्या वैद्याने विचारपूर्वक सोडवावयाचा आहे.

झीज सारखी असली तरी सर्वांचे नशीब सारखे नसते, ही गोष्ट हैदराबादमधील संशोधनाने पुढे आणली. निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस ह्या संस्थेत सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुद्धिऱ्हासाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ मध्ये असे दाखविले की, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणे एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सुमारे साडेचार वर्षे उशिरा सुरू झाली होती. निरक्षर रुग्णांतही हा फरक होता. २०१७ मध्ये ललाट-शंखखंडाच्या रुग्णांचा स्वतंत्र विचार झाला, तेव्हा वागणुकीच्या प्रकारात हा विलंब सुमारे सहा वर्षांचा आढळला. भाषा हरपण्याच्या प्रकारात मात्र आढळला नाही. दोन भाषांत वावरणारा मनुष्य क्षणोक्षणी एक शब्द आवरून दुसरा पुढे आणतो. आवर घालण्याची ही सवय ललाटखंडाच्या कामाशी निगडित असावी, असा तर्क आहे. घरात मराठी आणि दारात तेलुगू, कन्नड, गुजराती, हिंदी वा कोंकणी बोलत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना हा निष्कर्ष विशेष जिव्हाळ्याचा वाटावा. दोन भाषा म्हणजे आजारापासून कवच, असा मात्र त्याचा अर्थ नव्हे.

औषध नसताना निदानाचा लाभ कोणता, असा प्रश्न कोणीही विचारील. लाभ प्रथम घराला होतो. आपल्याशी असे का वागतात, आपले काय चुकले, ह्या विचाराने वर्षानुवर्षे जळणाऱ्या पत्नीला कळते की, हा तिरस्कार नव्हता. मुलांना कळते की, वडिलांशी वाद घालून वा त्यांना लाज आणून काही साधणार नाही. बँकेचे व्यवहार आपल्या हाती घेणे, वाहन चालविणे बंद करणे, दिवसाचा क्रम ठरवून देणे आणि अनोळखी माणसांना आधीच शांतपणे कल्पना देणे, हे उपाय अधिक कामाचे आहेत. कोणी निष्कारण व्यसनमुक्तीच्या केंद्रात जात नाही, कोणी मांत्रिकाच्या दारी घर विकीत नाही. मध्यम वयात एखाद्याचा स्वभाव काही महिन्यांत वा वर्षांत मुळापासून पालटला, तर त्याला बोल लावण्याआधी मेंदूच्या वैद्याला दाखवावे, एवढे तारतम्य ह्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासातून घेता येण्यासारखे आहे.